रुग्णाच्या उशाशी जन्मलेली संस्था

लंडनच्या आग्नेय भागातील सिडनहॅम येथे २४ जुलै १९६७ रोजी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसचे उद्घाटन झाले. ५४ खाटांची ही संस्था ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांसाठी बांधलेली होती. सेवा, अध्यापन आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करणारे हे पहिले आधुनिक हॉस्पिस मानले जाते, आणि आज जगभर पॅलिएटिव्ह केअर या नावाने जे वैद्यकशास्त्र शिकवले जाते त्याचे मूळ याच वास्तूत सापडते. संस्थापिका म्हणून डॉ. सिसिली साँडर्स यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. नावाआधीचे ‘डॉ.’ हे बिरुद खरेच आहे, पण त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. साँडर्स डॉक्टर झाल्या त्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्याआधी त्या परिचारिका होत्या, आणि पाठीच्या दुखण्यामुळे पंचविशी ओलांडतानाच त्यांना परिचारिकेच्या कामातून कायमचे निवृत्त व्हावे लागले होते. माझे म्हणणे असे आहे की या संस्थेत जे जे नवे होते त्याचा उगम परिचारिकेच्या अनुभवात आहे, आणि तो अनुभव वाया जाऊ न देता संस्थेपर्यंत नेण्याचे बळ त्यांना श्रद्धेने दिले. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. औषध किती आणि केव्हा द्यायचे हे श्रद्धेने ठरवले नाही. ते निरीक्षणाने आणि नोंदींनी ठरले. पण ती निरीक्षणे कोणी ऐकून घेत नव्हते, त्या वर्षांत टिकून राहण्याचे काम श्रद्धेने केले.

साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनजवळच्या बार्नेट येथे सुखवस्तू कुटुंबात झाला. घरात धर्माचे वातावरण नव्हते. ऑक्सफर्डमध्ये राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन त्या शिकत होत्या, तेवढ्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले. अभ्यास अर्धा टाकून १९४० मध्ये त्यांनी सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेल परिचारिका विद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळी पेनिसिलिन अजून वॉर्डात पोचलेले नव्हते. जखमी सैनिक असो की क्षयाचा तरुण रुग्ण, परिचारिकेच्या हातात देण्यासारखे औषध फार थोडे असे. अंग पुसणे, कूस बदलणे, पाठीला जखम होऊ न देणे, दोन घोट पाणी पाजणे, रात्री जागणाऱ्याजवळ बसणे हाच तिचा उपचार. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांनी या कामाला कधी शास्त्राचा दर्जा दिला नाही. पण रुग्णाला नेमके कुठे दुखते, केव्हा दुखते, कशाने थोडे बरे वाटते, हे ज्ञान याच कामातून मिळते आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. राऊंडला आलेले डॉक्टर खाटेपाशी काही मिनिटे थांबतात. परिचारिका तिथे पाळीभर असते. पुढे सेंट ख्रिस्तोफर्समध्ये जे घडले ते समजून घ्यायचे तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

१९४४ मध्ये त्या परिचारिका म्हणून उत्तीर्ण झाल्या आणि लगेचच मणक्याच्या विकारामुळे त्यांना हे काम सोडावे लागले. रुग्णाला उचलणे, फिरवणे त्यांच्या पाठीला झेपणारे नव्हते. त्या ऑक्सफर्डला परतल्या, राहिलेली पदवी घेतली आणि वैद्यकीय समाजसेविकेचे शिक्षण सुरू केले. याच सुमारास, १९४५ च्या उन्हाळ्यात, त्यांच्या आयुष्यात ख्रिस्ती श्रद्धा आली आणि ती अखेरपर्यंत राहिली. काम हातून गेले आणि श्रद्धा हाती आली, असा सोपा कार्यकारणभाव इथे जोडण्याचा मोह होतो. पण तसा तो जोडावा असे मला वाटत नाही. श्रद्धेने त्यांना दुःखावर उतारा दिला यापेक्षा जबाबदारी दिली, असे त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसते. आपल्याकडून काहीतरी करून घेतले जाणार आहे अशी त्यांची धारणा झाली, मात्र ते काय, हे कळायला आणखी दोन वर्षे जावी लागली.

१९४७ मध्ये समाजसेविका म्हणून काम करताना सेंट थॉमसच्या वॉर्डात त्यांना डेव्हिड टास्मा हा रुग्ण भेटला. वॉर्सातून आलेला पोलिश ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटर म्हणून राबणारा, वय चाळीसच्या आसपास, कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. लंडनमध्ये त्याचे म्हणावे असे कोणी नव्हते. आपण जगलो त्याला काही अर्थच नाही, आपल्यामागे कोणतीही खूण उरणार नाही, हे दुखणे त्याला आजाराइतकेच जाचत होते. पुढे त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवले तेव्हाही साँडर्स त्याला भेटायला जात राहिल्या. अशा माणसांना वेदनेतून मोकळे करील आणि माणूस म्हणून वागवील अशी एखादी जागा असावी, हा विचार या भेटींमध्ये दोघांनी मिळून केला. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी तो गेला. जाताना त्याने साँडर्स यांच्या नावे ५०० पौंड ठेवले, आणि त्या होणाऱ्या घरातली एक खिडकी आपली असेल असे सांगितले. सेंट ख्रिस्तोफर्सच्या प्रवेशद्वाराजवळ ती खिडकी आहे. संस्थेची पहिली देणगी एका गरीब रुग्णाची, तीही परधर्मीयाची, आणि संस्थेची कल्पना रुग्ण व एकेकाळची परिचारिका यांच्या बोलण्यातून निघालेली. विश्वस्त मंडळ, आराखडा, इमारत हे सगळे नंतर आले.

साँडर्स यांनी आता मरणासन्न रुग्णांचेच काम करायचे ठरवले. पाठ अधू असल्याने पूर्ण वेळ परिचारिका होणे शक्य नव्हते, म्हणून बेजवॉटर भागातल्या सेंट ल्यूक्स या रुग्णालयात त्या संध्याकाळी बिनपगारी परिचारिका म्हणून जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरीब मरणासन्नांसाठी सुरू झालेल्या या छोट्या संस्थेत त्यांना एक गोष्ट दिसली, जी मोठमोठ्या रुग्णालयांत दिसत नव्हती. इतरत्र मॉर्फीन ‘गरज पडेल तेव्हा’ दिले जाई. याचा व्यवहारातला अर्थ असा की आधी रुग्णाला दुखले पाहिजे, मग त्याने हाक मारली पाहिजे, मग इंजेक्शनची वाट पाहिली पाहिजे. औषध मिळाले की त्याला गुंगी येई, आणि जाग येई ती पुन्हा कळांसोबतच. सेंट ल्यूक्समध्ये वेदनाशामक तोंडावाटे आणि नियमित अंतराने दिले जात होते. आधीच्या मात्रेचा असर ओसरण्यापूर्वीच पुढची मात्रा. रुग्ण जागे असत, बोलत, जेवत. हाक मारण्याची वेळच येत नसे. ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेतून निघाली नव्हती. पाळीभर वॉर्डात वावरणाऱ्यांनाच वेदनेचे वेळापत्रक उमगते, आणि साँडर्स यांनी ती पद्धत औषधाचा पेला हातात घेऊनच आत्मसात केली.

यावर पहिला आक्षेप असा की मग त्या डॉक्टर का झाल्या? परिचारिकेचे ज्ञान एवढे मोलाचे होते, तर वैद्यकीय पदवीवाचून अडले का? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळता येत नाही. ज्या शल्यचिकित्सकांसोबत त्या काम करत होत्या त्या नॉर्मन बॅरेट यांनीच त्यांना सांगितले की मरणासन्न रुग्णांना वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टर, आणि डॉक्टर ऐकतात ते फक्त डॉक्टरांचे. तेव्हा वैद्यक शिका. १९५१ मध्ये, तिशी उलटल्यावर, त्या विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर. पदवीने त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार मिळवून दिला, संशोधनाचे शिक्षण दिले आणि वैद्यकीय सभांमध्ये उभे राहण्याची मुभा दिली. हे सगळे आवश्यकच होते. पण बॅरेट यांचा सल्ला नीट वाचला तर तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. सांगायचे काय हे साँडर्स यांच्यापाशी आधीच होते. अडत होते ते ऐकणाऱ्यांच्या सवयीमुळे. डॉक्टर झाल्यावरही आपले म्हणणे सविस्तर मांडताना त्यांनी निवडले ते परिचारिकांचे नियतकालिक. १९५९ मध्ये ‘नर्सिंग टाइम्स’मध्ये मरणासन्नांच्या सेवेवर त्यांची सहा लेखांची माला प्रसिद्ध झाली. ती वाचकांनी ज्या आस्थेने उचलून धरली त्यावरून दिसते की वॉर्डांतून काम करणाऱ्या असंख्य परिचारिकांना हे सारे आधीपासून जाणवत होते. त्याला शब्द मिळाले नव्हते, एवढेच.

१९५८ पासून सात वर्षे साँडर्स यांनी पूर्व लंडनमधील हॅकनी येथील सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये काम केले. श्रद्धा आणि शास्त्र यांच्या नात्याविषयीचा सर्वात स्पष्ट पुरावा मला या सात वर्षांत दिसतो. सेंट जोसेफ्स आयरिश धर्मभगिनी चालवत. त्यांच्या मायेत, कष्टात आणि प्रार्थनेत काहीही उणे नव्हते. तरीही रुग्ण वेदनेने तळमळत होते, कारण औषधांचे तक्ते नव्हते, नियमित मात्रा नव्हत्या आणि नोंदीही जवळजवळ नव्हत्या. सेवाभाव अपार असला तरी मॉर्फीनचे वेळापत्रक त्यातून आपोआप तयार होत नाही, हे इथे दिसून येते. साँडर्स यांनी सेंट ल्यूक्समध्ये पाहिलेली पद्धत इथे आणली, आणि प्रत्येक रुग्णाची मात्रा, अंतर, परिणाम यांच्या नोंदी सुरू केल्या. सात वर्षांत सुमारे अकराशे रुग्णांच्या नोंदी जमल्या. नियमित मात्रा दिल्याने रुग्ण व्यसनी होतो आणि मात्रा भरमसाट वाढवावी लागते, ही डॉक्टरांची ठाम समजूत होती. नोंदींतून तसे निघाले नाही. वेदना आटोक्यात राहिल्या की बहुतेकांची मात्रा स्थिर राहत होती. वेदनेची भीती गेली की औषधाची मागणीही कमी होते, ही गोष्ट वॉर्डात राबलेल्या परिचारिकेला नवी वाटणार नाही. वैद्यकाला ती आकड्यांनी पटवून द्यावी लागली. धर्मभगिनींचे मोठेपण असे की त्यांनी ही नवी शिस्त मनापासून स्वीकारली. याच काळात साँडर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही संकल्पना मांडली. शरीर दुखते, मन झुरते, घरच्यांची आणि पैशांची चिंता पोखरते, आणि हे माझ्याच वाट्याला का, हा प्रश्न छळतो. ही चारही दुखणी एकमेकांत मिसळून एकच वेदना होते, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टर, समाजसेविका, पुरोहित यांनी ही दुखणी आपापसांत वाटून घेतली होती. ती चारही एकत्र पाहते ती उशाशी बसलेली व्यक्ती. साँडर्स यांनी परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर या तिन्ही भूमिका स्वतः जगलेल्या असल्यामुळे या वाटणीतली उणीव त्यांना दिसली.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळतो, कारण शंका जास्त आहेत त्या इथेच. १९५९ मध्ये रोजच्या प्रार्थनापुस्तकातील एक वचन वाचताना, आता उभारणीला लागण्याची वेळ आली, असा संकेत आपल्याला मिळाला, असे साँडर्स सांगत. असे संकेत ज्याचे त्याने मानायचे असतात. इतिहासकाराने त्यांची शहानिशा करायला जाऊ नये. पण त्या संकेतानंतर त्यांनी काय केले हे मात्र पाहता येते. त्यांनी मित्रांचा, धर्मगुरूंचा, जाणकारांचा गट जमवला आणि संस्थेचे उद्दिष्ट व अधिष्ठान काय असावे यावर टिपणामागून टिपणे लिहिली. ती संस्था म्हणजे व्रतस्थ लोकांचा आश्रम असावा का? एकाच पंथाची असावी का? येणाऱ्या रुग्णाचे मन देवाकडे वळवणे हा तिचा हेतू असावा का? गटातल्या काहींची उत्तरे होकारार्थी होती, आणि नवथर श्रद्धेच्या उत्साहात साँडर्स यांचाही कल आरंभी काहीसा तसाच होता. वाद बराच लांबला. शेवटी ठरले ते असे: संस्थेचा पाया ख्रिस्ती राहील, ती वैद्यकीय संस्था असेल, आणि कोणत्याही धर्माच्या वा कोणताही धर्म न मानणाऱ्या रुग्णांना व कर्मचाऱ्यांना तिचे दार उघडे असेल. १९६१ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्सची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी झाली. प्रवाशांचा रक्षक मानला जाणारा संत ख्रिस्तोफर, म्हणून हे नाव. मरण हा प्रवास आहे असे मानणाऱ्याला ते रुचेल. न मानणाऱ्यालाही वाटसरूसाठी विसाव्याची जागा हा अर्थ पुरेसा आहे.

धर्माच्या पायावर उभी राहिलेली संस्था असहाय रुग्णावर धर्म लादणारच, हा आक्षेप आपल्याकडे तर फार तीव्रतेने घेतला जातो, आणि इतिहासात त्याला आधारच नाही असे म्हणता येणार नाही. मरणाच्या दारातल्या माणसाइतका परावलंबी कोणी नसतो. त्याच्या त्या अवस्थेचा फायदा घेणे हा अपराधच आहे. सेंट ख्रिस्तोफर्सबद्दल मात्र पुरावा काय सांगतो ते पाहावे. तिच्या मुळाशी असलेला टास्मा ज्यू होता आणि साँडर्स यांनी त्याला ख्रिस्ताकडे ओढले नाही. त्याने अखेरीस आपल्या पूर्वजांच्या देवाशी आपल्या पद्धतीने समेट केला असे त्या मानत आणि त्यात त्यांना समाधान होते. संस्थेत प्रार्थनामंदिर होते, प्रार्थना होत. सामील होण्याची सक्ती नव्हती. श्रद्धा ही काम करणाऱ्याची शिदोरी आहे, रुग्णाच्या माथी मारायची वस्तू नव्हे, हा भेद त्यांना टास्माच्या खाटेजवळ कळला होता आणि संस्थेच्या उद्दिष्टांत तो लेखी उतरला. हे लेखी उतरणे मला महत्त्वाचे वाटते. एखाद्या संस्थापकाचे औदार्य त्याच्याबरोबर जाते, नियम मात्र मागे राहतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. श्रद्धावान लोक दुःखाला पवित्र मानतात. मग ते वेदना हटवायला मनापासून का झटतील? भोग भोगूनच संपवायचे असतात, हे वाक्य महाराष्ट्रातही आजाऱ्याच्या खोलीत सहज उच्चारले जाते, आणि ते उच्चारणारे दुष्ट नसतात. साँडर्स यांची श्रद्धा या दिशेने गेली नाही. वेदना आटोक्यात येत नसेल तर दोष उपचारात शोधायचा, रुग्णात नाही, हा त्यांच्या कामाचा धागा होता. याची कसोटी लागली ती त्यांच्याच संस्थेत. मरणासन्न रुग्णांना मॉर्फीनपेक्षा डायमॉर्फीन अधिक मानवते, असे साँडर्स यांचे मत होते आणि ते दीर्घ अनुभवातून आलेले होते. १९७१ मध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस हे तरुण डॉक्टर संशोधक म्हणून संस्थेत आले. दोन्ही औषधांची त्यांनी पद्धतशीर तुलना केली आणि तोंडावाटे नियमित दिली असता दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही, असा निष्कर्ष निघाला. संस्थापिकेच्या मताविरुद्धचा निष्कर्ष संस्थेने स्वतःच जगासमोर ठेवला. या निष्कर्षाचा परिणाम लंडनपुरता राहिला नाही. डायमॉर्फीन म्हणजे हेरॉइन. बहुतेक देशांत ते औषध म्हणूनही वापरता येत नाही. साधे मॉर्फीन पुरते, हे सिद्ध झाल्यामुळेच ही उपचारपद्धती भारतासारख्या देशांत येण्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या श्रद्धेला पुराव्याची भीती वाटते, तिने हे होऊ दिले नसते.

संस्थेच्या रोजच्या व्यवहारातही परिचारिकेची नजर जागोजाग दिसते. रुग्णांच्या खाटा खिडक्यांजवळ, बागेकडे तोंड करून. वृद्धांसाठी राहण्याचा स्वतंत्र भाग, म्हणजे ही केवळ मरणाची जागा वाटू नये. आणि कर्मचाऱ्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर. या पाळणाघराचा उल्लेख इतिहासांमध्ये ओळीभरात उरकला जातो. माझ्या मते तो ठळकपणे व्हायला हवा. ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ हे वाक्य आपल्या रुग्णालयांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि त्याच भिंतीआड परिचारिकांच्या तुटपुंज्या पगाराचे व सलग पाळ्यांचे समर्थन त्याच वाक्याने केले जाते. श्रद्धेने टिकून राहणाऱ्या परिचारिकेचे कौतुक करताना तिच्या श्रद्धेवर व्यवस्थापनाने आपला खर्च ढकलला नाही ना, हे विचारलेच पाहिजे. पाळणाघर हे सेंट ख्रिस्तोफर्सने या प्रश्नाला विटामातीत दिलेले उत्तर होते. मूल घरी ठेवून येणाऱ्या परिचारिकेच्या पाळीची अडचण प्रार्थनेने सुटत नाही, हे संस्थापिकेला ठाऊक होते. १९६९ मध्ये बार्बरा मॅकनल्टी या परिचारिकेच्या पुढाकाराने घरी जाऊन सेवा देण्याचे काम सुरू झाले, आणि ५४ खाटांची संस्था सगळ्या परिसराची झाली. खाटा मोजून या संस्थेचे काम छोटे ठरवणाऱ्यांनी हे वर्ष विसरू नये. समुद्रापलीकडेही तिचा विचार आधी उचलला तो परिचारिकांनी. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या परिचर्या विद्यालयाच्या अधिष्ठाता फ्लॉरेन्स वाल्ड यांनी १९६३ मध्ये साँडर्स यांचे व्याख्यान ऐकले, पुढे पद सोडून सेंट ख्रिस्तोफर्समध्ये जाऊन काम शिकल्या, आणि १९७४ मध्ये कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतील पहिले आधुनिक हॉस्पिस सुरू झाले.

साँडर्स यांचा दयामरणाला अखेरपर्यंत विरोध होता. हा विरोध धार्मिक हट्ट होता, असे त्यांचे टीकाकार म्हणत. त्यांच्या श्रद्धेचा त्यात वाटा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांनी मांडलेला युक्तिवाद श्रद्धेवर उभा नव्हता. मरण मागणाऱ्या रुग्णाची वेदना आधी आटोक्यात आणा, त्याचे म्हणणे ऐका, आणि मग पुन्हा विचारा. बहुतेकांची मागणी तेव्हा बदललेली असते, हा त्यांचा अनुभव होता. ज्या समाजाने वेदना थांबवण्याची सोयच केलेली नाही त्याने मरणाचा पर्याय पुढे करणे म्हणजे निवड देणे नव्हे, हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. तरी उत्तम उपचारांनंतरही यातना न थांबणारे काही थोडे रुग्ण राहतात, आणि त्यांच्यापुरते साँडर्स यांचे उत्तर पुरे पडत नाही, असे माझे मत आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरुणा शानभाग या परिचारिकेच्या प्रकरणात आणि २०१८ मध्ये पुन्हा या प्रश्नाचा विचार केला तेव्हा तो वादही निष्क्रिय दयामरणाच्या चौकटीतच राहिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीची ४२ वर्षे शुश्रूषा केली आणि तिच्या जगण्याच्या बाजूने त्या ठाम उभ्या राहिल्या. कायद्याने काहीही म्हटले तरी उशाशी बसणाऱ्यांचे मत या प्रश्नात विचारात घ्यावेच लागते.

शेवटचा आक्षेप काळाने आणलेला आहे. आज जगातली असंख्य हॉस्पिस कोणत्याही धर्माचा आधार न घेता चालतात आणि तितकीच चांगली चालतात. मग श्रद्धेचा हा सारा इतिहास अनावश्यक नाही का? औषधोपचारापुरते पाहिले तर आहे, आणि साँडर्स यांनीही तसेच म्हटले असते. श्रद्धेवाचून चालेल अशीच पद्धत त्यांनी घडवली. पण १९४८ ते १९६७ ही १९ वर्षे पाहा. हाती ५०० पौंड, अधू पाठ, तिशीनंतरचे वैद्यकीय शिक्षण, देणगीदारांचे उंबरठे, आणि १९६० च्या सुमारास लागोपाठ आलेले जवळच्या माणसांचे मृत्यू. यांपैकी कोणत्याही वळणावर माघार घेतली असती तर कोणी बोल लावला नसता. त्या थांबल्या नाहीत, याचे कारण त्या स्वतः श्रद्धा हे देत, आणि दुसरे कारण शोधण्याची गरज मला दिसत नाही. १९८१ मध्ये त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. १९८५ मध्ये त्या वैद्यकीय संचालकपदावरून निवृत्त झाल्या, पण संस्थेपासून दूर झाल्या नाहीत. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, सेंट ख्रिस्तोफर्समध्येच त्यांचे निधन झाले. आजार कर्करोगाचाच होता.

भारतात हा विचार पोचला तो १९८६ मध्ये. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुइस डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. देशातले हे पहिले हॉस्पिस, पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. १९९० पासून गिली बर्न या ब्रिटिश परिचारिकेने देशभर फिरून डॉक्टरांना व परिचारिकांना वेदनाशमनाचे शिक्षण मिळवून देण्यासाठी खटपट केली. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन केंद्र उघडले आणि केरळात घरोघरी जाणारी लोकचळवळ उभी राहिली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र विनामूल्य सेवा देत आहे. तरीही महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्णाला ‘आता घरी न्या’ एवढेच सांगितले जाते. घरी नेल्यावर काय करायचे ते सहसा कोणी सांगत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फीन बनते, आणि ते आपल्याच रुग्णापर्यंत पोचत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची इतकी गुंतागुंत केली की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण बरीच दूर झाली आहे. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मंजुरी आता पुरते. या स्मरणिकेच्या वाचकांत रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, डॉक्टर आहेत, मेट्रन आहेत. आपल्या रुग्णालयाने ही मंजुरी घेतली आहे का, हे त्यांनी येत्या बैठकीत विचारावे. नसेल तर अर्ज करावा, आणि रुग्णाच्या तक्त्यावर ताप व नाडीच्या शेजारी वेदनेचा एक रकाना आखून तो भरण्याचा अधिकार पाळीवरच्या परिचारिकेला द्यावा.